नरक्याचं पोतं

नोकरीतली पहिली तीन वर्षं मी बाटल्या धुतल्या. साध्यासुध्या नाहीत, कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या काचेच्या बाटल्या. पण धुणं ते धुणंच. बी.एस्सी. झालेली मुलगी मुंबईत जाऊन भांडी घासते, हे गावात सांगायची सोय नव्हती. कारण आईनं आधीच सगळीकडे जाहीर करून टाकलं होतं की आमची पोरगी कॅन्सरवरचं औषध शोधते. वीजघराच्या क्वार्टर्सपासून कर्जतच्या बाजारापर्यंत ही बातमी पोचली होती. मी शनिवारी वसतिगृहातून घरी आले की एखादी बाई हमखास विचारायची, "घावलं का गं औषध?" मी म्हणायचे, "घावंल, घाई काय हाय?" आणि आईकडे रागानं बघायचे. आई मान खाली घालून तांदूळ निवडत बसायची.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आमचं गाव भिवपुरीच्या वीजघराच्या मागं, डोंगराला टेकलेलं. वडील वीजघरात मदतनीस होते. आई पावसाळ्यात लावणीला जायची आणि उरलेलं वर्ष डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणायची. छप्पन साली आमची सगळी वस्ती बौद्ध झाली तेव्हा मी पाळण्यात होते. पुढं वस्तीत विहार झाला, विहारात संध्याकाळी मोठ्या बायकांचा वर्ग भरू लागला. आई तिथं स्वतःचं नाव लिहायला शिकली. नाव आलं आणि वर्ग बंद पडला, त्यामुळे तिचं शिक्षण नावापाशीच थांबलं. घरातल्या पिठाच्या डब्यावर, कोयत्याच्या मुठीवर, मिळेल तिथं ती ते खडूनं किंवा कोळशानं लिहून बघायची.

आईला स्वच्छतेचं वेड होतं. ते कशातून आलं हे वस्तीतल्या प्रत्येक पोराला न सांगता कळायचं. तिच्या लहानपणी विहिरीवरच्या बायका ती लांबून येताना दिसली तरी नाकाला पदर लावायच्या. "यांच्या अंगाला वास मारतो," असं तिच्यादेखत म्हणायच्या. त्या वासाशी आईनं जन्मभर भांडण मांडलं. चुलीतली राख ती वाया जाऊ द्यायची नाही. राख पाण्यात कालवून ठेवायची, खाली गाळ बसला की वरचं निवळ पाणी काढायची आणि त्यात कपडे भिजवायची. माझा शाळेचा झगा तीन पाण्यांतून निघायचा. वर्गात मास्तरांच्या मुलीचाही झगा माझ्याइतका पांढरा नव्हता, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंही होतं. त्याबद्दल मला अंगठे धरून उभं राहावं लागलं. पण झगा पांढराच होता.

प्रयोगशाळेत आमचे सर झाडापाल्यातून कॅन्सरवर चालणारी द्रव्यं काढून तपासायचे. सदाफुलीपासून काढलेली औषधं तेव्हा रुग्णांना दिली जातच होती, त्यामुळे झाडांवर सगळ्यांचा भरवसा होता. पण आमच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या बहुतेक पाल्यांचा काहीच उपयोग व्हायचा नाही. काही पाले पेशींना मारायचे, पण ते मारणं विषाचं. त्यात चांगल्या पेशीही मरायच्या. साबण नीट धुतला गेला नाही तरी बाटलीतल्या पेशी मरतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सरांना वेगळं मरण हवं होतं. शरीरातली प्रत्येक पेशी आपली वेळ झाली की आपली आपण आवरून घेते. कॅन्सरची पेशी तेवढं विसरते आणि वाढतच सुटते. तिला त्याची आठवण करून देणारं काहीतरी झाडात सापडतं का, हे सरांचं काम.

एका दुपारी सरांनी सगळ्यांना बोलावलं. परदेशातल्या एका झाडात सापडलेलं असंच एक द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडातही असल्याचं आपल्याकडच्या मंडळींनी दाखवलं होतं. सरांना ते झाड हवं होतं. "लहानसं झाड असतं," ते म्हणाले, "मोठी पानं, पिवळट फुलं. आणि मोडलं की असह्य घाण वास."

मी कोपऱ्यात बाटल्या पुसत होते. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी म्हणाले, "नरक्या."

आमच्या डोंगराखालच्या गावांतल्या बायकांना नरक्या चुकत नाही, आणि त्याला कारण आहे. नवी सून पहिल्यांदा डोंगराला लाकडांना गेली की बाकीच्या बायका तिच्या मोळीत गुपचूप नरक्याची एक फांदी सरकवतात. मोळी डोक्यावर, वास नाकात, आणि तो कुठून येतोय ते काही कळत नाही. उतरताना सून दहा वेळा मोळी खाली टाकते, चपला बघते, स्वतःचा पदर हुंगते. घर आलं की सगळ्या हसतात आणि मग तिला ते लाकूड दाखवतात. आईच्या मोळीतही अशी फांदी सरकवली होती. सगळ्यांच्या मोळीत सरकवतात, हे तिला माहीत होतं. तरी ती हसली नाही. ती तशीच ओढ्यावर गेली आणि अंधार पडेपर्यंत अंग घासत बसली, असं वडील सांगायचे.

"तुमच्या भागात आहे ते झाड?" सरांनी विचारलं.

"वरच्या राईत आहे. आई आणून देईल."

आमच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकलेला एक सहकारी होता. त्यानं विचारलं, "पण हेच झाड, ही ओळख कोण पटवणार?"

"आई."

"त्यांचा विषय कुठला?"

"लाकूडफाटा," मी म्हणाले.

दोघंतिघं हसले. माझे कान तापले. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "आणा. त्याची साल लागेल. ती बरोबर निघाली तर या झाडाचं पेशींवरचं सगळं काम तुम्ही करायचं. बाटल्या दुसरं कुणीतरी धुवेल." तीन वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते असं अचानक, उभ्याउभ्या मिळालं. आता सगळं आईच्या ओळखीवर होतं.

दोन आठवड्यांनी आईनं सालीचं पोतं माझ्या हातात ठेवलं. पोतं नवं कोरं, तोंड सुतळीनं शिवलेलं. आत सालीचे आणि कोवळ्या लाकडाचे बारीक तुकडे, फिकट, खडखडीत वाळलेले. झाड न तोडता चार झाडांच्या फांद्या घेतल्याचं तिनं सांगितलं. मी वरवर हुंगून पाहिलं. कसलाच वास नव्हता. वाळल्यावर जात असेल, असं मी समजले आणि उलट मला बरंच वाटलं. गाडीत कुणी वळून बघितलं नाही.

प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक नमुन्याची एका जाड नोंदवहीत नोंद व्हायची. झाड कुठलं, आणलं कुठून, आणि शेवटच्या रकान्यात ओळख पटवणाऱ्याचं नाव. त्या सहकाऱ्यानं मूठभर तुकडे नाकाशी नेले. "वास कुठाय?" तो म्हणाला. मी म्हणाले, वाळलंय. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह मला आजही दिसतं, जरासं डावीकडे झुकलेलं.

सालीचा अर्क निघाला. पहिल्यांदाच मी पेशींच्या बाटल्या धुवायला नाही, तर त्यांत औषध घालायला हातात घेतल्या. तीन दिवस मी जेवणाच्या सुट्टीतही टेबलापासून हलले नाही. चौथ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर पेशी ठणठणीत. बाटलीच्या तळाला घट्ट चिकटून, एकीच्या दोन, दोनाच्या चार होऊन मजेत बसलेल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"दुसरं झाड असेल," सर म्हणाले. "होतं असं. आपण दुसरीकडून मागवू." ते रागावले असते तर मी भांडले असते. त्यांनी समजुतीनं घेतलं, तेच मला लागलं. सोमवारपासून पुन्हा बाटल्या धुवायच्या होत्या.

त्या शनिवारी मी घरात पाऊल टाकलं ते तोंड सोडूनच. "तुला झाड तरी ओळखता येतं का? कशाला फुशारक्या मारतेस? माझी लाज काढलीस सगळ्यांत." खरं तर फुशारकी मी मारली होती. आईनं मला पाणी दिलं, भाकरी वाढली. वडिलांनी मला डोळ्यांनी गप्प केलं, पण तोवर बोलून झालं होतं. मला वाटतं, आयुष्यात मी तिला याहून वाईट कधी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोयता कमरेला अडकवून दारात उभी. "चल," म्हणाली.

दीड तास आम्ही चढलो. ती पुढं, मी मागं, आणि मुंबईच्या सवयीनं मला धाप. राईत शिरल्यावर ती एका झाडापाशी थांबली, एक फांदी खाली ओढली, काडकन मोडली आणि माझ्या नाकाखाली धरली. मी तोंड फिरवलं. कुजलेल्या घुशीचा म्हणा नाहीतर गटाराचा म्हणा, तसला वास.

"ह्यो कोन हाय?" तिनं विचारलं.

"नरक्या."

"मंग मी तुला काय दिलं व्हतं?"

"आई, पण त्या पोत्याला वासच नव्हता!"

"नसंलच," ती म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात पहिल्यांदा ताठा आला. "मी काढला ना त्यो. राखंच्या पान्यात टाकला. एकदा नाय, तीन पान्यांतून काढला. दोन दिस उन्हात घातला. वासाचा मागमूस ठेवला नाय मी."

मी मटकन खडकावर बसले. मला आधी हसू आलं. सगळ्या प्रयोगशाळेनं डोकं खाजवलं, झाडावर संशय घेतला, तिच्या ओळखीवर घेतला. आणि तिनं माझ्या शाळेच्या झग्यासारखं ते झाड धुऊन, वाळवून, घडी घालायचं तेवढं बाकी ठेवून दिलं होतं. मग मला हसू येईना. "पण का धुतलंस गं?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर कळलं होतं.

"मंग काय, माझी पोर असला वास घेऊन सायबांत जाईल?" ती म्हणाली. "नाक धरून बगतील तुज्याकडं. म्हनतील, आली बघा."

'आली बघा'च्या पुढं काय म्हणतील ते ती बोलली नाही. बोलायची गरज नव्हती.

मी तिला समजावलं. औषध त्या वासात आहे असं नाही, पण वास काढता काढता औषधही धुतलं गेलं असणार. मला या वेळी न धुतलेली साल हवी. ती ऐकेना. "दोन पान्यांतनं काढते," म्हणाली. मी म्हणाले, एकही नाही. "निदान साध्या पान्यानं?" नाही. ती मोडलेल्या फांदीकडे बघत राहिली. तिच्या आयुष्यभराच्या भांडणात मी तिला हार मान म्हणत होते, हे मला कळत होतं.

"लोकं नाक धरतील," ती शेवटचं म्हणाली.

"धरू देत."

"तुला चालंल?"

"मला चालंल. तुला चालंल का, सांग."

तिनं कोयता काढला आणि साल काढायला लागली.

पुढच्या आठवड्यात साल सावलीत सुकली तेव्हा तिचा वास अख्ख्या वस्तीला समजला. वडील अंगणात झोपायला गेले. आईनं पोत्यावर पोतं, त्यावर आणखी एक पोतं चढवलं, तरी काही उपयोग नाही. कर्जत स्टेशनापर्यंत पोतं तिनं स्वतः डोक्यावर आणलं, मला हात लावू दिला नाही. माणसं बाजूला व्हायची आणि ती सरळ समोर बघत चालायची. गाडीत मला ऐसपैस जागा मिळाली.

प्रयोगशाळेला मागचं दार होतं. नमुने तिथूनच आत यायचे. मी पोतं पुढच्या दारानं नेलं, जिन्यानं चढवलं आणि सरांच्या टेबलाशेजारी ठेवलं. वनस्पतिशास्त्रवाला सहकारी नाकाला रुमाल लावून बघायला आला आणि रुमालातूनच म्हणाला, "हेच ते." मी म्हणाले, "मागचंही हेच होतं," आणि राखेच्या पाण्याची गोष्ट सरांना सांगितली.

सर ऐकता ऐकता खुर्चीतून उठले. हे द्रव्य साध्या पाण्यात उतरत नाही, पण राखेचं पाणी म्हणजे खार, अल्कली, आणि खारात त्याचं रूप बदलतं, ते पाण्यात विरघळतं, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. फक्त कुणी साल राखेत धुऊन पाठवेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "बारीक तुकडे, तीन पाणी," ते म्हणाले. "बहुतेक सगळं काढलं त्यांनी. आम्हाला ठरवून इतकं जमलं नसतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दोन्ही साली शेजारी शेजारी लावा. धुतलेली आणि न धुतलेली. तुम्हीच लावा."

मी तीन ओळी लावल्या. एक धुतलेल्या सालीची, एक न धुतलेल्या सालीची, आणि एक नुसत्याच पेशींची. तिसऱ्या सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावला. न धुतलेल्या सालीच्या बाटलीतल्या पेशी तळ सोडून वर आल्या होत्या. फुटल्या नव्हत्या, सांडल्या नव्हत्या. आक्रसून गोल झाल्या होत्या, त्यांच्या कडेनं बारीक बारीक फुगे आले होते, आणि काही तर छोट्या छोट्या पुरचुंड्या होऊन सुट्या पडल्या होत्या. मेलेल्या पेशी ओळखायचा निळा रंग घातला तेव्हा एकामागून एक निळी होत गेली. शेजारच्या, धुतलेल्या सालीच्या आणि नुसत्या पेशींच्या बाटल्यांत सगळ्या पूर्वीसारख्या मजेत.

सर माझ्या स्टुलावर बसून बराच वेळ बघत राहिले. "हे विषानं मारणं नाही," ते म्हणाले. "ही आवराआवर आहे."

आम्ही औषध शोधलं असं मी म्हणणार नाही. ते द्रव्य आधी दुसऱ्यांनी शोधलं होतं, पुढं त्यापासून रुग्णांना देता येईल असं औषध दुसऱ्यांनीच केलं, आणि त्याला खूप वर्षं लागली. आमच्याकडून फक्त एवढं सिद्ध झालं की कर्जतच्या डोंगरातल्या नरक्यातही ते आहे आणि ते कामाचं आहे. पण बाटल्या धुणं माझं संपलं ते कायमचं, आणि माझ्या छातीत त्या सकाळी जे मावेना, ते अजून कमी झालेलं नाही.

सरांना आणखी साल हवी होती. या वेळी त्यांनी निरोप धाडला की साल ओळखणाऱ्या बाईंनीच ती घेऊन यावी. आई आली. विहारात जायचं पांढरं लुगडं, बौद्ध झाल्यापासून कुंकू न लावलेलं मोकळं कपाळ, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर ते पोतं. मी तिला खाली घ्यायला गेले तर म्हणाली, "पुढलं दार कंचं?" पुढच्या दारानं ती वर आली. जिन्यात दोन माणसं नाकाला हात लावून भिंतीला टेकली. आईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सरांनी तिला खुर्ची दिली आणि मायक्रोस्कोप दाखवला. तिनं आधी दोन्ही डोळे मिटले, मग दोन्ही उघडले, मग तिला एक डोळा जमला. ती खूप वेळ वाकून राहिली.

"निळ्या त्या मेल्या?" तिनं विचारलं.

"हो," सर म्हणाले. "पण आपण नाही मारल्या. आपलं आपण जायचं त्या विसरल्या होत्या. तुमच्या झाडानं आठवण करून दिली."

"बरं झालं," आई म्हणाली. तिला एवढं पुरलं.

मग सरांनी नोंदवही उघडली, तिच्यापुढं सरकवली आणि पेन ठेवलं. पहिल्या पोत्याच्या नोंदीतलं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडलेलं होतं. तो रकाना रिकामा होता. "ओळख तुम्ही पटवलीत," ते म्हणाले. "इथं नाव तुमचं येतं. तुम्हीच लिहा."

आईनं हात पुढं केला आणि अर्ध्यावर थांबवला. बोटांना पोत्याचा वास होता, तो टेबलापलीकडेही येत होता. तिनं बोटांकडे पाहिलं, त्या कोऱ्या पांढऱ्या रकान्याकडे पाहिलं, आणि मग नळ कुठं आहे ते शोधत खोलीभर नजर फिरवली. नळ माझ्या जुन्या, बाटल्या धुवायच्या मोरीवर होता. सगळे थांबले होते.

"धुऊ का गं हात?" तिनं मला हळूच विचारलं.

"नको," मी म्हणाले.

तिनं पेन उचललं आणि लिहिलं. नाव, नवऱ्याचं नाव, आणि शेवटी आमचं आडनाव, ज्यावरून आमची वस्ती कुठली ते कुणालाही कळतं. एका ओळीचा रकाना, तिनं तीन ओळी घेतल्या. न धुतलेल्या हातानं, सावकाश, एकही अक्षर न चुकता.